बेवारस आवाज

६ जानेवारी

साहेबांनी आज बोलावून घेतलं आणि आधी बसायला खुर्ची दिली, तेव्हाच ओळखलं की काहीतरी गळ्यात पडणार. पडलंच. आमच्या अभिलेखागारात ‘डिजिटल कक्ष’ सुरू होणार आणि त्याची प्रमुख मी! जन्म गेला फाटके कागद चिकटवण्यात. संगणकावर मला पत्र टाइप करता येतं आणि प्रिंटर अडकला तर त्याला शिव्या देता येतात, एवढंच माझं शिक्षण. तसं सांगितलं तर साहेब म्हणतात, “मॅडम, कागद काय नि फाइल काय, जपणं महत्त्वाचं. तुमच्याइतकं जपणारं माणूस आपल्याकडे दुसरं नाही.” स्तुतीला कोण भुलत नाही? मीही भुलले.

हाताखाली कोण, तर बाइंडर दादा. पुस्तकं शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, पण माउस हातात घेतला की तो टेबलावरून खाली पडतो. शिवाय कंत्राटावरचा एक संगणकवाला, तो फक्त गुरुवारी येणार. दादांनी त्याचं नाव आजच ‘गुरुवार’ ठेवून टाकलं.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, “म्हणजे आता तू घरचा रिमोट तरी शिकशील.” हवामान खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाने दुसऱ्याला हसू नये, असं मी म्हटलं. ह्यांचा पाऊस कधी सांगितल्या दिवशी पडला होता?

१७ जानेवारी

तीन दिवसांचं प्रशिक्षण संपलं. प्रशिक्षक हुशार होता, पण बोलताना श्वास घेत नव्हता. फाइल उघडली तरी बदलते, हलवली तरी बदलते, म्हणजे हात लावायचा तरी कसा? कागद बरा. त्याच्याकडे नुसतं पाहिलं तर तो काही बदलत नाही.

मेटाडेटा म्हणून एक प्रकार आहे, तो दिवसभर चालला होता. “माहितीबद्दलची माहिती,” प्रशिक्षक म्हणाला. दादा माझ्या कानाशी लागून म्हणाले, “म्हणजे चुगली.” मला इतकं हसू आलं की पुढचा अर्धा तास काय शिकवलं ते कळलंच नाही. प्रमाणपत्र मात्र मिळालं. साहेबांनी ते फ्रेम करून कक्षात लावायला सांगितलं आहे.

२ फेब्रुवारी

पहिला संग्रह आला! गावाबाहेरचं फुप्फुसांचं रुग्णालय, आता बंद पडलेलं, तिथल्या मोठ्या डॉक्टरांचा. डॉक्टर गेल्या वर्षी वारले. त्यांचा मुलगा घर विकतो आहे, त्याने एका डब्यात घालून हार्ड डिस्क आणून दिली. “बाबांचा जीव होता ह्याच्यावर. मला ह्यातलं काही कळत नाही, तुम्ही सांभाळा,” म्हणाला.

आत आवाज आहेत. दाखल झालेल्या प्रत्येक रोग्याकडून डॉक्टर एकच परिच्छेद वाचून घ्यायचे. श्वास कुठे तुटतो, एका दमात किती बोलता येतं, हे त्यांना बघायचं असायचं. वर्षानुवर्षं त्यांनी हे केलं. शेकडो माणसं, आणि शब्द मात्र तेच.

आमचा नियम असा की बाहेरून आलेली वस्तू आधी आठ दिवस थंड खोलीत ठेवायची, म्हणजे कसर, वाळवी, त्यांची अंडी, सगळं मरतं. दादा म्हणाले, “बाई, ह्या डबीत वाळवी शिरेल कशी?” मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. आज डिस्कला सवलत दिली तर उद्या कुणी गादी आणून ठेवेल. ठेवली थंड खोलीत.

१२ फेब्रुवारी

डिस्क बाहेर काढली. दव आलं होतं, ते मऊ फडक्याने हलकेच टिपलं, तान्ह्या बाळाचं अंग टिपावं तसं. जोडली. जरा कुरकुरली, पण चालली. सगळं आमच्या संगणकावर उतरवून घेतलं आणि डिस्क कपाटात ठेवून दिली.

गुरुवार आला होता. थंड खोलीचं ऐकून माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, “बरं, उतरलं ना सगळं? मग आधी त्यातला कचरा काढा, आणि मग दुसरी प्रत करू.” कचरा म्हणजे काय, ते सांगायच्या आत त्याला फोन आला आणि तो गेला.

२६ फेब्रुवारी

दादांची आणि माझी गाडी रुळावर आली आहे. प्रत्येक आवाजाच्या फाइलीला चिकटून एक बारीकशी फाइल आहे. उघडली की चौकोन आणि प्रश्नचिन्हं, अर्थ काही नाही. दोन-चार नाहीत, जितके आवाज तितक्या. “टाचण्या!” मी म्हटलं. जुन्या कागदांचा गठ्ठा आला की आपण आधी काय करतो? टाचण्या, पिना, रबर काढतो, नाहीतर गंज कागद खातो. दादांना एकदम पटलं. ते खूश, कारण हे काम त्यांना येत होतं. एकेक निवडायची आणि काढायची. आवाजांची नावंही कसली तरी अगडबंब होती, त्यांना सरळ एकपासून क्रमांक दिले. कपाट कसं, उघडताच डोळे निवले पाहिजेत.

११ मार्च

स्वच्छ प्रतीची दुसरी प्रतही झाली. साहेब स्वतः बघायला आले. क्रमांकांची रांग बघून म्हणाले, “वा! असं पाहिजे.” वर्तमानपत्राचा माणूस बोलावला, फोटो निघाला. फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत. ह्यांनी तो कापून आरशाला लावला आणि खाली लिहिलं, ‘डिजिटल समाधी’. जळतात नुसते.

१८ मार्च

बातमी वाचून एक मुलगी आली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, तरणतलावावर लहान मुलांना पोहायला शिकवते. केस अजून ओले होते. तिने पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद काढला. रुग्णालयाचा होता, वर तिच्या आईचं नाव आणि नोंदणी क्रमांक. ही नऊ महिन्यांची असताना आई तिथेच गेली.

“काकू, माझ्याकडे तिचे दोन फोटो आहेत. आवाज कसा होता ते कुणी सांगू शकत नाही. आवाज काय सांगणार? गोड होता म्हणतात. मेलेल्या सगळ्यांचाच आवाज गोड असतो.” मग म्हणाली, “मला एकदा ऐकायचाय. बाकी काही नको.”

मी छाती पुढे काढून म्हटलं, एवढंच ना? उद्या या. नोंदणी क्रमांकावरून काढून ठेवते.

ती जिन्यावरून पळतच गेली.

१९ मार्च

लिहवत नाही आहे.

सकाळी आवाजांमध्ये तो क्रमांक शोधायला बसले. आमचे क्रमांक एकपासून, आम्हीच दिलेले. रुग्णालयाचा क्रमांक कुठेच नाही. तारखेवरून शोधू म्हटलं, तर सगळ्या फाइलींवर एकच तारीख, आम्ही उतरवून घेतलं त्या दिवसाची. जणू सगळे रोगी एकाच दिवशी जन्मले. गुरुवार आज आलाच होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, “नाव, वय, नोंदणी क्रमांक, तारीख, सगळं त्या छोट्या फाइलीत असतं, मॅडम. डॉक्टरांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये उघडायच्या त्या. कुठे आहेत?”

दादा टेबलाचा कोपरा पुसत राहिले, पुसलेलाच.

मी म्हटलं, तूच म्हणालास कचरा काढा. तो म्हणाला, “कचरा म्हणजे दुबार प्रती, मॅडम.” खरं आहे, पण मी त्याच्यावर ओरडले. चोराच्या उलट्या बोंबा. मग म्हटलं, मूळ डिस्क आहे ना कपाटात! तिघेही धावलो. जोडली. टक् टक् टक् असा आवाज आला आणि बंद. परत जोडली, तेच. आत ओल शिरली असणार, थंड खोलीतली, असं तो म्हणाला.

मुलगी चारला आली. मी तिला खरं सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं, पण ती नखाने तो कागद सारखा सरळ करत होती, ते बघून खोटं सुचलं नाही. ती म्हणाली, “म्हणजे ती आहे इथे, पण कुठली ते माहीत नाही?”

हो.

“बरं,” म्हणाली. बसली. मग म्हणाली, “मग मला सगळ्या ऐकवा.”

२३ मार्च

डिस्क घेऊन दोन दुकानांत जाऊन आले. पहिल्याने हात जोडले. दुसऱ्याने तीन दिवस ठेवून घेतली होती, तो म्हणाला, “आतली तबकडी खरवडली गेली आहे. ह्यातून आता काही निघणार नाही.” डॉक्टरांच्या मुलाला फोन केला. दुसरी प्रत नाहीच. तो उलट माझं सांत्वन करायला लागला. बाबांना तुमचा मोठा आधार वाटला असता, म्हणाला. मी फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

ह्यांना सांगितलं. चेष्टा करतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, “तीस वर्षं तू वाळवीशी भांडलीस. आणि ह्या वेळी…” आणि थांबले. न बोललेलंही ऐकू आलं मला. जेवले नाही.

३ एप्रिल

मुलगी रोज दुपारी येते, सकाळचे आणि संध्याकाळचे पोहण्याचे वर्ग सांभाळून. बायकांचे आवाज मी वेगळे काढून दिले, तेही शंभराच्या वर आहेत. डॉक्टरांचा परिच्छेद आता आम्हा तिघांना पाठ झाला आहे. ‘सकाळी खिडकी उघडली की वारा आत येतो, पडदा हलतो, टेबलावरचे कागद उडून खोलीभर पसरतात, आणि कितीही गोळा केले तरी एखादा कपाटाखाली राहतोच.’ असं एकच लांबलचक वाक्य, मुद्दाम श्वास संपवणारं. कुणी पडद्यापाशी अडतं, कुणी कपाटापर्यंत पोहोचतं. जे पोहोचतात त्यांच्यासाठी ती टाळ्या वाजवते. दादाही वाजवतात.

तिने सगळ्यांना नावं ठेवली आहेत. एक घाईवाली, एक शाळेतली, एक रेडिओवाली. एक आहे चिडकी. ‘वारा’ म्हणतानाच तिचा दम तुटतो, कसंबसं शेवटापर्यंत येते आणि डॉक्टरांनाच विचारते, “बास का आता?” मुलीला ती मुळीच आवडत नाही. सुरू झाली की पुढे ढकलते. आणि एक आहे हसरी. तीही अडखळते, पण शेवटी खुदकन हसते आणि म्हणते, “राहिला बाई एक कपाटाखाली!” ही मुलीने आज तीनदा ऐकली.

मी आज परत माफी मागायला लागले तर माझ्यावरच डाफरली, “बास आता, काकू! किती वेळा तेच?” नाकाच्या शेंड्यावर राग आहे पोरीच्या. लगेच ओशाळलीही. मला बरंच वाटलं. कुणीतरी ओरडायला हवंच होतं.

९ एप्रिल

रुग्णालयातल्या जुन्या सिस्टरांचा पत्ता लागला. मुलगी आणि मी भेटून आलो. फार म्हाताऱ्या, पण बोलणं स्पष्ट. मुलीच्या आईचा फोटो बघून म्हणाल्या, “चेहरा आठवतो. कोपऱ्यातल्या खाटेवर होती. तुला काचेपलीकडून दाखवायला आणायचे तुझे बाबा.”

“आणि आवाज?” तिने विचारलं.

“आवाज कुठे गं, बाळा. आम्ही खोकले ऐकायचो. खोकल्यावरून ओळखायचो एकेकीला.”

रिक्षाने परत निघालो. घर येताना म्हणाली, “बाबांना विचारणार नाही मी. ते आईचं नाव काढत नाहीत. आणि घरी आई आहे माझी, दुसरी, पण चांगली आहे हो काकू, तिनेच वाढवलंय. तिला कळलं मी इथे येते तर तिला काय वाटेल?” दोन्ही बाजूंनी माझेच हात बांधलेले.

१६ एप्रिल

आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना. कायद्याच्या सल्लागाराने साहेबांना सांगितलं की रोग्यांचे आवाज त्यांच्या परवानगीशिवाय ठेवणं धोक्याचं आहे. साहेब मला म्हणाले, “नाही तरी नावं गेलीच आहेत. आपला बेवारस कागदांचा नियम आहे ना, तोच लावा.”

तो नियम मीच लिहिलेला, बारा वर्षांपूर्वी. सुट्टा कागद कुणाचा ते कळत नसेल तर ठराविक मुदतीत ओळख पटवायची, नाही पटली तर काढून टाकायचा. तेव्हा कपाटं फुगली होती आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं.

मी भांडले. म्हटलं, साहेब, हे कागद नाहीत, माणसं आहेत. साहेब म्हणाले, “माणसं तर कधीच गेली, मॅडम. आणि तुम्हाला आता फार बोलता येईल अशी परिस्थिती आहे का?” नव्हती. मुदत ह्या महिन्याअखेरची. जवळच्या नातेवाइकाने ओळखून सही दिली तर तेवढा आवाज राहील, आणि त्याची एक प्रत त्यांना मिळेल. बाकी सगळे दोन्ही प्रतींतून काढायचे. घरी पेनड्राइव्हवर घेऊन जावेत असं मनात आलं, पण आमच्या संगणकांची ती भोकं साहेबांनीच बंद करून घेतली आहेत, मीच केलेल्या शिफारशीवरून.

मी मुदत सांगितली तेव्हा मुलगी रडली नाही. “हसरीच आहे,” म्हणाली. “माझा श्वास बघा, मीही पडद्यापाशीच घेते. मुलं म्हणतात, मॅम हसताना तुमचं नाक वाजतं. तिचंही वाजतं.”

मी ऐकलं परत. मला नाक वाजल्यासारखं काही वाटलं नाही. पण मी कोण सांगणार?

१९ एप्रिल

साहेबांनी साफ सांगितलं, मुलीची सही चालणार नाही. नऊ महिन्यांच्या बाळाने आवाज ओळखला असं कागदावर कसं लिहायचं? वडील हवेत. तिला ते मलाच सांगावं लागलं. ती म्हणाली, विचारून बघते.

२५ एप्रिल

आले! मुलीचे वडील बसडेपोत मेकॅनिक आहेत. उंच, मान खाली घालून बोलणारे. हात कितीही धुतले तरी नखांत काळं राहिलेलं. खुर्चीच्या अगदी टोकाशी बसले. मुलगी त्यांच्या शेजारी, गुडघा सारखा हलत होता तिचा. दादांनी पंखा त्यांच्याकडे वळवला.

नुसता एकच आवाज लावून ‘ह्याच ना?’ असं विचारणं मला पटेना. ओळख पटवायची तर नीट पटवावी. म्हणून मी स्पीकर त्यांच्या जवळ सरकवून आधी घाईवाली लावली. त्यांनी मान हलवली, नाही. मग चिडकी लावली. तेवढ्यात त्यांना ठसका लागला. खुर्ची मागे सारली आणि खोकत खोकत बाहेर पाण्याच्या नळाशी गेले. आमच्या खोलीतल्या धुळीने धडधाकट माणसाला ठसका लागतो. साहेबांना किती वेळा सांगितलं, हवेची गाळण बदला.

मुलगी मला म्हणाली, “ती कशाला लावलीत? वैताग नुसता.” मी म्हटलं, अगं, पद्धत असते.

बऱ्याच वेळाने आले. तोंड धुतलेलं, शर्टाची कॉलर भिजलेली, डोळे लाल. बसले आणि मुलीला म्हणाले, “तुला कोणती वाटते?”

“पुढची आहे, बाबा. ऐका ना तुम्ही. ती शेवटी हसते.”

हसरी लावली. त्यांनी एकदाही संगणकाकडे पाहिलं नाही, पूर्ण वेळ मुलीच्या तोंडाकडे बघत होते. ती ओठांनी ते वाक्य म्हणत होती, शब्द न् शब्द. शेवटी तिथे हसणं आलं तेव्हा हीसुद्धा हसली.

“हो,” ते म्हणाले. “हीच.”

मुलीने त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि लहान मुलासारखं रडली. दादाही रडले. मीही. किती दिवसांनी छातीवरचा धोंडा हलला म्हणून सांगू! एक तरी वाचली. सगळं घालवून बसले, पण एक तरी तिच्या लेकीला परत देता आली.

मी सहीचा कागद पुढे केला. पेन दोनदा थांबलं. सही झाल्यावर म्हणाले, “बाकीच्यांचं काय करणार?”

“महिनाअखेरीला काढून टाकायच्या,” मी म्हटलं.

“सगळ्या?”

“नाव नाही ना त्यांना.”

त्यांनी तोंड उघडलं, मग मुलीकडे पाहिलं. ती तेव्हा फोन काढून, हसरीची प्रत कशात घेता येईल ते दादांना विचारत होती. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “नावाशिवाय ठेवून काय करायचं.” आणि उठले.

३० एप्रिल

काढल्या. गुरुवार आला होता. त्याचं काम चोख असतं. दोन्ही प्रतींतून, आणि परत काढता येणार नाहीत अशा रीतीने. तसं लिहूनही दिलं. मी शेजारी बसले होते. कुणीतरी बसायला हवं म्हणून बसले. एवढी माणसं जायला साधारण एक चहा होण्याइतका वेळ लागला.

साहेब म्हणाले, छान, पुढच्या महिन्यात नवा संग्रह येतोय, धरणाच्या इंजिनियरचा, ई-मेल आहेत. मी म्हटलं, मला परत कागदांच्या खोलीत पाठवा. साहेब हसले. त्यांना वाटलं मी विनयाने म्हणते आहे.

मुलीचा निरोप आला. रोज सकाळी तलावावर जाण्याआधी आईला ऐकते म्हणे. वर्गातल्या मुलांनाही ते वाक्य शिकवलंय, पाण्याखाली जाण्याआधी दम वाढवायला. ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, “बघ, सगळंच काही वाया नाही गेलं.” पहिल्यांदाच बरी झोप लागेल असं वाटतं.

४ मे

आज वडील एकटे आले. डेपोचा निळा गणवेश अंगावर होता. दादा बाहेर गेले होते. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

“त्या दिवशी तुम्ही दुसरी लावली होती,” म्हणाले. “आमच्या मुलीला आवडत नाही ती. ती एकदा ऐकायची होती. हळू लावली तरी चालेल.”

मला एक क्षण काही कळलं नाही. मग कळलं. मी टेबल धरलं.

“ती नाही आता,” मी म्हटलं. “गुरुवारी… म्हणजे तीस तारखेला… सगळ्याच काढल्या.”

“हो, तुम्ही सांगितलं होतं. मला वाटलं, सरकारी काम आहे, उशीर होतो कधी कधी.”

“नाही झाला.”

“कागद फाटला तर तुकडे राहतात. तसं काही?”

“ह्यात तुकडे राहत नाहीत.”

त्यांनी मान हलवली, जसं गाडीचा एखादा भाग मिळत नाही म्हटल्यावर हलवतात. मी रडायला लागले. तुम्ही तेव्हाच का नाही बोललात, असं विचारलं. विचारायला नको होतं. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग मलाच धीर दिल्यासारखं म्हणाले, “सही माझी आहे, मॅडम. तुमच्यावर काही येणार नाही.” जाताना जिन्यावर थांबून त्यांनी जरा वेळ कठडा धरला. मी खाली जायला हवं होतं, पण गेले नाही.

घरी आले. ह्यांना काही सांगितलं नाही. ते दोनदा म्हणाले, काय झालंय? मी म्हटलं, डोकं दुखतंय.

आत्ता मुलीचा निरोप आला. ‘काकू, बाबा तुमच्याकडे आले होते का? आज कामावर गेलेच नाहीत म्हणे. डेपोतून फोन आला होता.’

नाही आले, असं मी कळवलं.